हालचालीतली जादू आणि एकशे तीन मिनिटं

१ जुलै २०१० रोजी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत ‘द लास्ट एअरबेंडर’ लागला, तेव्हा त्याच्या वाट्याला फार तयारीचा प्रेक्षक आला होता. पाच वर्षांपूर्वी शाळेतून येऊन, दप्तर टाकून निकलोडियन वाहिनीपुढे बसणारी मुलं आता मोठी झाली होती. या कथेतला प्रत्येक प्रदेश त्यांना ठाऊक होता. झुको या राजपुत्राच्या चेहऱ्यावरचा भाजल्याचा व्रण कोणत्या डोळ्याभोवती आहे आणि तो कोणी दिला, हेही ठाऊक होतं. रेषांमध्ये आणि रंगांमध्ये पाहिलेली माणसं आता हाडामांसाची होऊन समोर येणार, एवढ्यासाठी ती आली होती.

दिग्दर्शक होते एम. नाइट श्यामलन. जन्म माहेचा, वाढ फिलाडेल्फियाची, ‘द सिक्स्थ सेन्स’मुळे जगभर नाव झालेलं. लेकीने कटारा या नायिकेसारखा वेश करायचा हट्ट धरला आणि त्यातून आपण ही मालिका पाहू लागलो, असं त्यांनी सांगितलं आहे. निर्मितीचा खर्च १५ कोटी डॉलरच्या घरात गेला. छायालेखक अँड्र्यू लेस्नी, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे. संगीत जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचं. दृश्य परिणाम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या नामवंत संस्थेचे. बर्फाच्या प्रदेशासाठी तर थेट ग्रीनलंडमध्ये चित्रण झालं. पैसा, माणसं, साधनं, कशाचीच वानवा नव्हती.

आणि तरी समीक्षकांनी चित्रपट अक्षरशः झोडपला. रॉजर एबर्ट यांनी चारपैकी अर्धा तारा दिला. वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटांना दिली जाणारी रॅझी ‘पारितोषिकं’ पाच मिळाली, त्यांत वाईट चित्रपट, वाईट दिग्दर्शन आणि वाईट पटकथा ही तिन्ही आली. जगभरातला गल्ला सुमारे ३२ कोटी डॉलरपर्यंत पोचला, पण तीन चित्रपटांची जी मालिका योजली होती तिचा दुसरा भाग कधी निघाला नाही. मूळ मालिकेचे चाहते आजही हा चित्रपट मोजायला तयार नसतात.

एवढ्या गुणी माणसांच्या हातून असं का व्हावं? कथा तीच, पात्रं तीच, शेवटही जवळपास तोच. बिनसलं ते कथेच्या खालच्या थरात, जिथे पात्रं नुसती हात हलवतात आणि त्या हलण्याला अर्थ असतो तिथे. ते समजून घ्यायचं तर आधी मूळ मालिका कशी घडली होती हे पाहायला हवं.

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही मायकल दान्ते दिमार्तिनो आणि ब्रायन कोनियेत्स्को या दोघांची निर्मिती. पहिला भाग २१ फेब्रुवारी २००५ रोजी दाखवला गेला, शेवटचा १९ जुलै २००८ रोजी. एकूण ६१ भाग, तीन पर्वांत विभागलेले: जल, पृथ्वी आणि अग्नी. पीबॉडी हा प्रसारण क्षेत्रातला मानाचा पुरस्कार तिला मिळाला. लेखन आणि आखणी अमेरिकेत होई, पण प्रत्यक्ष चलच्चित्रं काढण्याचं काम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंकडे होतं. मालिकेतल्या मारामाऱ्या आजही ताज्या वाटतात, त्यात या कोरियन चित्रकारांच्या हाताचा वाटा फार मोठा आहे. त्यांची नावं क्वचितच घेतली जातात.

कथेतलं जग चार समाजांचं आहे. बर्फात राहणाऱ्या जल जमाती, अफाट पसरलेलं पृथ्वी राज्य, यंत्रांनी सज्ज अग्नी राष्ट्र आणि डोंगरातल्या मठांमध्ये राहणारे वायू भटके. प्रत्येक समाजातल्या काही माणसांना आपल्या तत्त्वावर ताबा मिळवता येतो, त्याला मालिकेत ‘बेंडिंग’ म्हणतात. चारही तत्त्वं वश असणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे अवतार. तो मेला की पुढच्या समाजात पुन्हा जन्म घेतो. आंग हा बारा वर्षांचा मुलगा वायू भटक्यांमध्ये जन्मलेला अवतार. शंभर वर्षं बर्फात गोठून राहिलेला हा मुलगा बाहेर येतो, तेव्हा अग्नी राष्ट्राने त्याचा सारा समाज संपवलेला असतो.

मराठी वाचकाला यात ओळखीचं बरंच सापडेल. लहानग्या आंगपुढे हजारो खेळणी मांडतात आणि पूर्वीच्या अवतारांची नेमकी चार खेळणी तो उचलतो. तिबेटात दलाई लामांचा पुनर्जन्म ओळखण्याची जी रीत आहे, तिच्यावरच हा प्रसंग बेतला आहे. दुसऱ्या पर्वात पथिक नावाचा वृद्ध गुरू आंगला सात चक्रं समजावतो. आशियाची अशी उसनवारी पाश्चात्त्य कार्टूनांत पुष्कळदा वरवरची असते. इथे मात्र निर्मात्यांनी कष्ट घेतले होते. पडद्यावर दिसणारं चिनी लेखनसुद्धा जाणकाराकडून लिहून घेतलेलं होतं.

पण सर्वांत जास्त कष्ट त्यांनी घेतले हालचालींवर.

सिफू किसू हे चिनी युद्धकलांचे शिक्षक मालिकेचे सल्लागार होते. ते आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष डावपेच करून दाखवत, त्याचं चित्रण होई, आणि ते समोर ठेवून चित्रकार पात्रांच्या मुद्रा रेखाटत. प्रत्येक तत्त्वाला एक खरीखुरी युद्धकला नेमून दिलेली होती. पाण्याला ताई ची: वजन एका पायावरून दुसऱ्यावर सरकत राहतं, हात थांबत नाहीत, समोरच्याचाच जोर वळवून त्याच्यावर परतवला जातो. पृथ्वीला दक्षिण चीनची हंग गार: रुंद मांड, जमिनीत रोवल्यासारखे पाय, आखूड आणि ठाम प्रहार. अग्नीला उत्तर शाओलिन: लांब पल्ल्याचे हात-पाय, उड्या, सतत चढाई. वायूला बाग्वाझांग: प्रतिस्पर्ध्याभोवती वर्तुळात चालणं, समोरासमोर टक्कर टाळणं, हुलकावणी देणं.

ही निवड शोभेसाठी केलेली नव्हती. कोणते समाज कसे वागतात, हे त्यांच्या लढण्यातून कळत होतं. आंग भांडणातून निसटू पाहतो, कारण त्याची कलाच निसटण्याची आहे. पुढे त्याला पृथ्वीची विद्या शिकायची वेळ येते तेव्हा त्याला ती जमत नाही. त्या विद्येत पाय रोवून, येणाऱ्या दगडासमोर उभं राहावं लागतं आणि तोवर तो आयुष्यभर बाजूला होत आलेला असतो. स्वभाव आणि मुद्रा अशा एकात एक गुंतल्या होत्या. तोफ या आंधळ्या मुलीसाठी तर वेगळीच शैली शोधली, दक्षिणेकडची ‘प्रार्थना कीटका’ची. पायांनी जमिनीतली कंपनं टिपत टिपत ती ‘बघते’, म्हणून तिची पावलंही इतर पृथ्वी बेंडरांहून निराळी पडतात.

यात अॅनिमेशनचं तंत्र कसं मदतीला येतं हेही पाहण्यासारखं आहे. डिस्ने स्टुडिओतले जुने चित्रकार फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१च्या ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात अॅनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं एक आहे पूर्वहालचालीचं. पात्र उडी मारणार असेल तर आधी ते खाली वाकतं, ठोसा मारणार असेल तर हात मागे जातो, म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा पुढच्या घटनेसाठी तयार होतो. दुसरं आहे वेळेचं: किती चित्रांत हालचाल संपवायची यावर वस्तूचं वजन ठरतं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आणि दूरचित्रवाणीच्या अॅनिमेशनमध्ये पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. चित्रकाराला हवं तर तो मधली चित्रं गाळतो आणि प्रहार डोळ्यावर आदळतो. हवं तर दोन वाढवतो आणि पाणी संथ होतं. मुद्रा, क्षणभराचा थांबा, आणि नेमक्या त्या ठोक्याला उडणारा दगड. लावणीत ढोलकीची थाप आणि नाचणारीचं पाऊल एकाच क्षणी पडावं, तसा हा मेळ असतो. तो अर्ध्या सेकंदाने चुकला तरी सगळं बिघडतं.

श्यामलन यांच्या चित्रपटात तो चुकला. नमुना म्हणून चाहत्यांनी अक्षरशः लाखवेळा उगाळलेला एक प्रसंग आहे. अग्नी सैनिकांच्या छावणीत कैद असलेले पृथ्वी बेंडर बंड करतात. पाच-सहा जण ओळीने उभे राहून पाय आपटतात, हात फिरवतात, एक लांबलचक आवर्तन पूर्ण करतात. मग पडद्याच्या एका बाजूने हातात मावेल एवढा एक दगड तरंगत येतो आणि सावकाश पुढे जातो. हे सगळं कॅमेरा न तोडता, सरकत सरकत टिपलं आहे. श्यामलन यांना लांब, अखंड चित्रणाची आवड आहे आणि त्यांच्या भयपटांत ते फार परिणामकारक ठरतं, कारण तिथे प्रेक्षकाला वाट पाहायला लावायचं असतं. इथे त्या वाट पाहण्यानेच घात केला. एवढ्या मेहनतीतून एवढंसंच काही निघालं की मेहनत निरर्थक दिसते. कोणत्या माणसाच्या कोणत्या हालचालीने दगड हलला, तेच कळत नाही.

मालिकेत पृथ्वी बेंडर एकदाच पाय आपटतो आणि भिंत उभी राहते. कारण आणि कार्य एकमेकांना चिकटून असतात. चित्रपटात दोन्हींच्या मध्ये फट पडली. अभिनेत्यांनी मेहनत केली नव्हती असं नाही. आंग झालेला नोआ रिंगर टेक्वांडो शिकलेला मुलगा होता आणि त्याच्या शरीरात लवचीकपणा दिसतो. पण मुद्रा चित्रणाच्या वेळी झाल्या, पाणी आणि आग नंतर संगणकावर आली, आणि दोन्हींना एका तालात बांधणारं कोणी राहिलं नाही. मालिकेत ते काम एकच चित्रकार एकाच कागदावर करत होता.

त्याच कैदेच्या प्रसंगाने आणखी एक गोष्ट उघडी पडते. मूळ मालिकेत तो पहिल्या पर्वाचा सहावा भाग आहे. तिथे तुरुंग भर समुद्रात, सगळा धातूचा. माती नाही, दगड नाही, म्हणजे पृथ्वी बेंडर निःशस्त्र. कटारा मुद्दाम पकडली जाऊन आत शिरते, कैद्यांपुढे कळकळीचं भाषण करते आणि कोणीही जागचं हलत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला तिथे पहिल्यांदा कळतं की धीराचे शब्द हरलेल्या माणसांपर्यंत पोचतातच असं नाही. पुढे आंग आणि कटाराचा भाऊ सोका तुरुंगातल्या भट्टीचा कोळसा हवेच्या झरोक्यांतून वर आणतात. कोळसा म्हणजे जमिनीतलीच वस्तू. तो ढीग समोर आल्यावरही कैदी आधी कचरतात, मग उठतात.

चित्रपटात हा तुरुंग जमिनीवर आणला. चारी बाजूंना डोंगर, पायाखाली माती. आंग येऊन त्यांना आठवण करून देतो की तुमच्या पायांखाली जमीन आहे, आणि लढाई सुरू होते. मग इतके दिवस ही माणसं थांबली कशासाठी होती? चित्रीकरण सोपं व्हावं किंवा वेळ वाचावा म्हणून केलेल्या या बदलाने एका समाजाला बुद्दू ठरवलं. कल्पित जगाला नियम असतात आणि प्रेक्षक ते नियम पात्रांपेक्षाही काटेकोरपणे लक्षात ठेवतो. लहान मुलं तर अधिकच.

अग्नीच्या बाबतीत असंच झालं. मालिकेत आग श्वासातून येते. शिष्याला आधी महिनोन्महिने श्वास धरायला आणि सोडायला शिकवतात, कारण ज्याला स्वतःचा राग आवरत नाही त्याच्या हातून आग सुटते आणि आप्तांना जाळते. चित्रपटात सामान्य अग्नी सैनिकाला मशाल किंवा शेकोटी जवळ लागते, आणि स्वतःतून आग काढणं मोजक्या सिद्धांनाच जमतं. झुकोचा काका इरो याने तसं करून दाखवलं की सगळे अचंबित होतात. नाट्य म्हणून तो क्षण वाईट नाही. पण मग मशाली विझवल्या की ज्यांचं काही चालत नाही, अशा लोकांनी जग जिंकलं कसं? पाण्यावर ताबा असणाऱ्यांनी ते कधीच रोखले असते.

वेळेचा प्रश्नही खराच होता. पहिल्या पर्वाचे २० भाग, प्रत्येक साधारण २३ मिनिटांचा, म्हणजे साडेसात तासांहून जास्त मजकूर. चित्रपट १०३ मिनिटांचा. सुमारे तीन चतुर्थांश गाळावंच लागणार होतं. प्रश्न होता काय गाळायचं. घटना ठेवल्या आणि घटनांच्या मधला अवकाश काढला. मग त्या घटना एकमेकींना जोडायला कटाराचा आवाज पार्श्वभूमीवर येऊन सांगू लागला की ते अमुक ठिकाणी गेले, तिथे अमक्याची तमकीशी मैत्री झाली. सोका आणि राजकन्या युए यांचं प्रेम असंच एका वाक्यात सांगून टाकलं आहे. पुढे युए चंद्राला प्राण देण्यासाठी स्वतःचा जीव देते. मालिकेत त्या वेळी गळा दाटतो, चित्रपटात प्रेक्षक अजून तिचं नाव लक्षात ठेवत असतो.

हास्यही असंच गेलं. सोका हा मालिकेचा विनोदी आधार. पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागात तो क्योशी बेटावर जातो. मुली काय लढणार, अशा गुर्मीत असतो. तिथली योद्धा सुकी आणि तिच्या सख्या त्याला लोळवतात. मग तोच तिच्यापुढे गुडघे टेकून शिकवण मागतो आणि त्यांचा बायकी पोशाखही अंगावर चढवतो. वीस मिनिटांत एक पोरगा थोडा मोठा होतो. चित्रपटासाठी क्योशी योद्ध्यांचं चित्रण झालं होतं, पण संकलनात ते गळलं. जॅक्सन रॅथबोनच्या वाट्याला उरला तो कपाळाला आठ्या घातलेला सोका.

मालिकेतली पात्रं हसताना त्यांचे डोळे दोन रेषा होत, घाबरल्यावर घामाचा भलामोठा थेंब कपाळावर येई. या जपानी पद्धतीच्या खुणा खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर आणता येत नाहीत हे खरं. पण त्यांच्या जागी दुसरं काहीतरी शोधावं लागतं: अभिनेत्यांमधली थट्टामस्करी, एखादा मोकळा प्रसंग, शांतपणे चहा पिणारा काका. तो शोध चित्रपटाने घेतलाच नाही.

पात्रनिवडीचा वाद प्रदर्शनाच्या कितीतरी आधी पेटला होता. मालिकेतला सारा परिसर आशियाई आणि उत्तर ध्रुवाकडच्या आदिवासी समाजांवरून घेतलेला. चित्रपटात आंग, कटारा आणि सोका गोऱ्या मुलामुलींना दिले. झुकोसाठी आधी निवडलेला गायक-अभिनेता जेसी मॅकार्टनी तारखांमुळे बाजूला झाला आणि ‘स्लमडॉग मिलियनेअर’चा देव पटेल आला. सेनापती झाओ झाले मुंबईत जन्मलेले आसिफ मांडवी, इरो झाले इराणी वंशाचे शॉन टूब. त्यामुळे झालं असं की नायक गोरे आणि आक्रमक अग्नी राष्ट्र सावळं. श्यामलन यांनी आपला चित्रपट विविध वंशांच्या कलाकारांनी भरलेला आहे असा बचाव केला आणि आकड्यांत तो खोटाही नव्हता. पण कोणाच्या वाट्याला काय आलं, ही तक्रार त्या उत्तराने मिटली नाही. चाहत्यांनी यातून ‘रेसबेंडिंग’ नावाची मोहीम उभी केली आणि पुढची अनेक वर्षं हॉलिवूडच्या पात्रनिवडीवर ती लक्ष ठेवून राहिली. चित्रपटाचा सर्वांत टिकाऊ परिणाम कदाचित हाच असेल.

चांगलं काहीच नव्हतं का? होतं, आणि ते सांगायला हवं. ग्रीनलंडचे हिमनग पडद्यावर खरे भव्य दिसतात. निळा मुखवटा घालून झुको आंगला शत्रूच्या गढीतून सोडवतो, तो प्रसंग बराचसा बोलण्याविना चालतो आणि म्हणूनच जमला आहे. देव पटेलच्या डोळ्यांत वडिलांनी टाकलेल्या मुलाची धग दिसते. आणि अखेरीस समुद्राची भिंत उभी राहते तेव्हा जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचं संगीत जे करतं, ते त्या चित्रपटाच्या लायकीपेक्षा मोठं आहे. तो तुकडा एकदा नुसता डोळे मिटून ऐकावा.

पण त्याच शेवटाची मालिकेतली रूपरेखा आठवली की फरक कळतो. तिथे चंद्राचा आत्मा मारला जाताच साऱ्या चित्रातले रंग उडून जातात. जग करडं होतं, फक्त आगीचा रंग उरतो. मग आंग सागराच्या आत्म्याशी एकरूप होऊन अजस्र जलरूप धारण करतो आणि आरमार उद्ध्वस्त करतो. बारा वर्षांच्या दयाळू मुलाच्या हातून हा संहार होतो आणि पुढच्याच पर्वाच्या सुरुवातीला त्याला त्याची दुःस्वप्नं पडू लागतात. चित्रपटातला आंग लाट उभी करतो, शत्रू घाबरून परततो, लाट ओसरते. कोणालाही धक्का न लावता लढाई जिंकण्याचा हा मार्ग शांत दिसतो खरा, पण मुलाच्या मनावरचं ओझंही त्यासोबत वाहून जातं.

त्यातच चित्रण पूर्ण झाल्यावर चित्रपट त्रिमितीत रूपांतरित केला गेला. जेम्स कॅमेरून यांच्या ‘अवतार’ने डिसेंबर २००९मध्ये त्रिमितीची लाट आणली होती (त्याच चित्रपटामुळे श्यामलन यांना आपल्या नावातून ‘अवतार’ हा शब्द गाळावा लागला). मुळात सपाट चित्रित केलेली दृश्यं आणि वर प्रकाश खाणारा चष्मा, त्यामुळे रात्रीचे प्रसंग काळवंडून गेले. डोळ्यांना त्रास देणारी त्रिमिती म्हणून एक रॅझी खास त्यासाठी होती.

चौदा वर्षांनी नेटफ्लिक्सने दुसरा प्रयत्न केला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी आलेल्या या मालिकेचे आठ भाग होते, म्हणजे वेळ जवळपास मूळ पर्वाइतकाच. गॉर्डन कॉर्मियर, कियावेन्तियो, इयन औस्ली, डॅलस लिऊ हे तरुण कलाकार. इरोच्या भूमिकेत पॉल सन-ह्युंग ली. मूळचे दोन्ही निर्माते आधी या कामात होते, पण २०२० साली मतभेदांमुळे बाहेर पडले. हालचालींचा मेळ इथे कितीतरी पटीने बरा आहे. हात फिरतो तेव्हाच आग निघते.

त्रुटी वेगळ्या जागी आल्या. मूळ मालिकेत वायू भटक्यांचा संहार कधीच दाखवलेला नाही. तिसऱ्या भागात आंग आपल्या ओसाड मठात परततो आणि गुरू ग्यात्सोचा सांगाडा पाहतो. आजूबाजूला अग्नी सैनिकांची कितीतरी चिलखतं पडलेली. त्या म्हाताऱ्याने मरण्याआधी काय केलं असेल ते पाहणाऱ्याने स्वतः जुळवायचं. नेटफ्लिक्सने पहिल्याच भागात तो संहार ज्वाळांसकट दाखवला. सोकाचं पुरुषी वर्चस्व सौम्य केल्याचं कलाकारांनी प्रदर्शनाआधी मुलाखतीत सांगितलं आणि चाहते नाराज झाले, ते योग्यच होतं, कारण जो चुकतच नाही तो सुधारणार कशात? दुसरीकडे एक भर मात्र सुंदर आहे. झुकोने ज्या सैन्यतुकडीला बळी देण्याला विरोध केला आणि चेहरा भाजून घेतला, तीच माणसं पुढे त्याच्या जहाजावरचे खलाशी म्हणून येतात. मूळ मालिकेत हा धागा नव्हता. बदलाला हरकत नसते, तो कथेच्या आतून यावा लागतो.

रेषांमधून देहात येण्याचा हा प्रवास दरवेळी फसतोच असंही नाही. जपानचा ‘रुरौनी केन्शिन’ २०१२ साली आला. ताकेरु सातोह या अभिनेत्याने तलवारीचे बरेचसे डाव स्वतः केले, साहसदृश्यं हाँगकाँगच्या परंपरेत तयार झालेल्या केन्जी तानिगाकी यांनी बसवली. मूळ चित्रकथेतला अमानुष वेग त्यांनी माणसाच्या धावण्यातून, घसरण्यातून, धुळीतून आणला. २०२१पर्यंत त्याचे एकूण पाच चित्रपट झाले. ‘वन पीस’ची नेटफ्लिक्स मालिका (२०२३) मूळ लेखक एइचिरो ओदा यांच्या देखरेखीखाली झाली. केपटाउनमध्ये खरी जहाजं बांधली. रबरासारखे ताणले जाणारे नायकाचे हात तिथेही थोडे विचित्र दिसतात, पण नायकाचा उत्साह इतका खरा आहे की प्रेक्षक ते मान्य करून टाकतो. २०२५च्या ‘हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन’मध्ये दिग्दर्शक डीन डेब्लॉइस यांनी टूथलेस हा ड्रॅगन अतिवास्तव केला नाही, त्याचे मोठे, मांजरीसारखे डोळे तसेच ठेवले. चेहऱ्यातलं बोलणं त्यामुळे टिकलं.

२०१९च्या ‘द लायन किंग’ने नेमकी उलटी वाट धरली. तो ‘खरा’ चित्रपट म्हणून विकला गेला, वास्तविक त्यात प्रत्यक्ष कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य एकच आहे, आरंभीच्या सूर्योदयाचं. बाकी सगळं संगणकावरचं. सिंह इतका हुबेहूब झाला की बाप मेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर दुःखच उमटेना. गल्ला मात्र दीड अब्ज डॉलरच्या वर गेला, म्हणजे तिकीटखिडकीला हा प्रश्न पडलेला नाही.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला आहे. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशनचा ‘छोटा भीम’ २००८पासून पोगो वाहिनीवर घराघरात पोचला. २०१२ला ‘कर्स ऑफ दमयान’ हा त्याचा अॅनिमेशनपट आला, आणि ३१ मे २०२४ रोजी त्याच कथेवरचा खऱ्या कलाकारांचा चित्रपट, दिग्दर्शक भीमाचे जनक राजीव चिलका स्वतः. यज्ञ भसीन भीम झाला, सोबत अनुपम खेर आणि आपले मकरंद देशपांडे. लाडू खाल्ला की भीमाचे दंड फुगतात, हे कार्टूनमध्ये दोन सेकंदांत पटतं. खऱ्या मुलाने खरा लाडू खाल्ल्यावर ते कसं पटवायचं? मूळ जनक दिग्दर्शनाला असूनही हा प्रश्न अवघडच राहतो. मराठीत पुराणकथांचे आणि अद्भुताचे चित्रपट करू पाहणाऱ्यांनीही या प्रश्नावर आधीच डोकं खपवायला हवं. मोठा खर्च त्याचं उत्तर देत नाही. चमत्कार कोणत्या हालचालीतून, कोणत्या नियमाने होतो, हे पटकथेच्या पहिल्या खर्ड्यातच ठरलं पाहिजे आणि साहसदृश्यं बसवणारा माणूस आणि संगणकावर पाणी काढणारा माणूस पहिल्या दिवसापासून एका खोलीत बसला पाहिजे.

दिमार्तिनो आणि कोनियेत्स्को यांनी स्वतः काय ठरवलं, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये निकलोडियनने त्यांच्या हाती ‘अवतार स्टुडिओज’ सोपवला आणि पहिला प्रकल्प म्हणून चित्रपटगृहांसाठीचा चित्रपट जाहीर झाला. तो अॅनिमेशनपट आहे.

ज्यांनी फक्त २०१०चा चित्रपट पाहून या कथेकडे पाठ फिरवली असेल, त्यांनी मूळ मालिकेचं पहिलं पर्व जरूर पाहावं, घरातल्या मुलांसोबत पाहिलं तर अधिकच चांगलं. जमल्यास मूळ इंग्रजी आवाजात पाहावं. इरोला पहिली दोन पर्वं ज्यांनी आवाज दिला ते जपानी-अमेरिकी अभिनेते माको २००६ साली वारले, आणि दुसऱ्या पर्वातला ‘टेल्स ऑफ बा सिंग से’ हा भाग त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.